पहिल्या काव्यसंग्रहाचा पुरस्कार

‘पुरस्कार’ हा शब्द मराठीने संस्कृतातून घेतला आहे. ‘पुरस्’ म्हणजे पुढे आणि ‘कृ’ म्हणजे करणे. पुढे करणे, पुढे आणणे हा या शब्दाचा मूळ अर्थ होय. एखाद्या मताचा कोणी जाहीरपणे पाठपुरावा केला, तर ‘त्याने त्या मताचा पुरस्कार केला’ असे आजही म्हणतात. बक्षिसाचा अर्थ याहून थोडा निराळा आहे. शर्यतीत जो सर्वांच्या पुढे धावतो, त्याला बक्षीस मिळते. तो आधीच पुढे गेलेला असतो. पुरस्कार मात्र मागे उभ्या असलेल्या माणसाचा हात धरतो आणि त्याला चार लोकांसमोर आणतो. शब्दाचा हा मूळ अर्थ जेथे अगदी तंतोतंत लागू पडतो, असा एक पुरस्कार महाराष्ट्रात दिला जातो. तो आहे कवीच्या पहिल्या कवितासंग्रहाचा पुरस्कार.

उत्कृष्ट मराठी ग्रंथांना महाराष्ट्र शासन दरवर्षी पुरस्कार देते. महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे नाव या पुरस्कारांना दिलेले आहे. चव्हाण हे राजकारणी पुरुष तर होतेच, पण ते मार्मिक वाचक आणि ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्राचे लेखकही होते. पुरस्कारांचे काम महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ पाहते. हे मंडळ १९६० साली, म्हणजे राज्याच्या स्थापनेच्याच वर्षी, अस्तित्वात आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. कादंबरी, लघुकथा, नाटक, काव्य, ललित गद्य, समीक्षा, बालवाङ्मय अशा अनेक वाङ्मयप्रकारांतील पुस्तके या पुरस्कारांसाठी विचारात घेतली जातात.

काव्यासाठी यात दोन पुरस्कार आहेत. एक कवी केशवसुत यांच्या नावाचा असून तो प्रौढ वाङ्मय विभागात दिला जातो. त्याची रक्कम १,००,००० रुपये आहे. दुसरा ‘प्रथम प्रकाशन’ या विभागातील असून त्याला बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. त्याची रक्कम ५०,००० रुपये आहे. पहिले पुस्तक घेऊन वाचकांपुढे येणाऱ्या कवीसाठी हा दुसरा पुरस्कार राखून ठेवलेला आहे.

एकाच वाङ्मयप्रकारासाठी दोन निरनिराळे पुरस्कार का असावेत, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर कुस्तीच्या आखाड्यात सापडते. नुकताच लंगोट कसू लागलेला मुलगा आणि दहा मैदाने मारलेला मल्ल यांची जोड कोणताही जाणता वस्ताद लावीत नाही. तशी जोड लावली, तर त्या मुलाच्या अंगी किती बळ आहे हे कधी कळायचेच नाही. नवा कवी हा त्या मुलासारखा असतो. ज्यांनी पंधरावीस वर्षे लेखन केले, ज्यांची चारपाच पुस्तके लोकांच्या हाती आहेत, अशांच्या पंक्तीत त्याचे पहिलेच पुस्तक ठेवले, तर परीक्षकांचे लक्ष त्याच्याकडे सहसा जाणार नाही. म्हणून त्याच्यासाठी निराळे मैदान हवे.

शिवाय पहिला काव्यसंग्रह छापून निघणे ही मुळातच अवघड गोष्ट असते. पुस्तक काढायचे म्हणजे कागद, छपाई आणि बांधणी यांचा खर्च आला. कथाकादंबऱ्यांना जेवढे गिऱ्हाईक असते तेवढे कवितेच्या पुस्तकाला नसते, हे प्रकाशक अनुभवाने जाणतो. कवी नामवंत असला तर त्याच्या नावावर काही प्रती खपतात. पण नव्या कवीजवळ नाव कोठून येणार? त्याच्याजवळ असते ती एक वही. तीतल्या काही कविता मासिकांत, दिवाळी अंकांत छापून आलेल्या असतात. बाकीच्या वहीतच पडून असतात. कित्येक कवी अखेरीस पदरचे पैसे घालून पुस्तक काढतात. मग त्यातल्या काही प्रती मित्रांना भेट जातात, थोड्या विकल्या जातात आणि उरलेल्या माळ्यावर जातात. कवितेत कितीही गुण असला, तरी तो पाहण्यासाठी पुस्तक कोणीतरी उघडावे लागते. पहिल्या संग्रहाचे दुखणे हेच असते की तो उघडला जात नाही.

पुरस्कार नेमका येथे उपयोगी पडतो. रक्कम मिळते ही तर चांगली गोष्ट आहेच. छपाईसाठी घेतलेले कर्ज तिने फिटू शकते. परंतु त्याहून मोठा लाभ निराळाच असतो. वर्तमानपत्रांत नाव येते, ग्रंथालये ते पुस्तक मागवू लागतात, समीक्षक ते वाचतात आणि दुसऱ्या संग्रहाची वही घेऊन कवी प्रकाशकाकडे गेला, तर त्याचे दार पूर्वीपेक्षा लवकर उघडते. कवीच्या स्वतःच्या मनावरही त्याचा परिणाम होतो. आपण लिहितो ते कोणा अनोळखी, जाणत्या माणसाला मोलाचे वाटले, एवढ्या जाणिवेने त्याची लेखणी बळावते.

आता या दोन पुरस्कारांना ज्या दोन कवींची नावे दिली आहेत, त्यांच्याकडे वळू. त्या नावांत एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. केशवसुत आणि बहिणाबाई या दोघांपैकी एकालाही आपला कवितासंग्रह छापलेला पाहायला मिळाला नाही.

केशवसुतांचे पूर्ण नाव कृष्णाजी केशव दामले. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड या गावाशी त्यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. त्यांचा जन्म १८६६ सालचा. पुढे ते शिक्षक झाले आणि अल्प वेतनावर गावोगावी नोकरी करीत राहिले. मराठी कवितेला त्यांनी नवे विषय दिले, नवी दृष्टी दिली. म्हणूनच त्यांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतात. त्यांच्या कविता नियतकालिकांतून प्रसिद्ध होत. पण १९०५ साली हुबळी येथे प्लेगने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या नावावर एकही काव्यसंग्रह नव्हता. त्यांच्या मृत्यूला दहा वर्षे उलटून गेल्यानंतर कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनी त्यांच्या कविता एकत्र करून पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. मासिकांचे जुने अंक जीर्ण होतात, हरवतात. हरिभाऊंनी हे काम हाती घेतले नसते, तर पुढच्या पिढ्यांच्या हाती केशवसुतांपैकी किती उरले असते, हे सांगणे कठीण आहे.

बहिणाबाईंची कथा याहूनही आश्चर्यकारक आहे. त्यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे या गावी महाजनांच्या घरी झाला. वयाच्या तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. तिशीतच त्यांना वैधव्य आले. मुलांना वाढवायचे, शेती सांभाळायची, घरातली कामे उरकायची, यातच त्यांचे आयुष्य गेले. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. तथापि जात्यावर दळताना, शेतात राबताना, चुलीपुढे बसलेल्या असताना त्यांच्या ओठांवर आपोआप ओव्या येत. पेरणी आणि मळणी, पाऊस आणि वारा, सुगरणीचा खोपा, माणसाचे चंचल मन, जगण्यातले आणि मरणातले कोडे हे सारे त्यांच्या गाण्यांत आले, आणि आले तेही घरात बोलल्या जाणाऱ्या खानदेशी बोलीत.

त्या काळी जळगावातूनच ‘काव्यरत्नावली’ नावाचे एक मासिक निघत असे. ते केवळ कवितेला वाहिलेले होते. नारायण नरसिंह फडणीस हे त्याचे संपादक होते आणि केशवसुतांसारख्या कवींच्या रचना त्यात छापल्या जात. म्हणजे ज्या गावात महाराष्ट्रभरच्या कविता छापण्यासाठी येत होत्या, त्याच गावात एक थोर कवयित्री जात्यावर बसून गात होती आणि तिची दखल घेणारे कोणी नव्हते! यात मासिकाच्या संपादकांचा दोष नाही. जी कविता कागदावर उतरलेलीच नाही, ती संपादकाच्या मेजावर जाणार कशी? पण कविता असणे आणि ती लोकांपुढे येणे या दोन गोष्टींत केवढे अंतर असू शकते, हे मात्र यावरून कळते.

ते अंतर पार करण्यास बहिणाबाईंच्या आप्तांनी हातभार लावला. त्यांचे पुत्र सोपानदेव चौधरी हे स्वतः नाणावलेले कवी होते. सोपानदेव आणि त्यांचे नात्यातले बंधू पितांबर चौधरी यांनी बहिणाबाईंच्या तोंडची काही गाणी वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवली. जी उतरवली गेली नाहीत, ती वाऱ्यावर विरून गेली. १९५१ सालच्या डिसेंबरात बहिणाबाई वारल्या. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांनी ती वाचताच हे अस्सल सोने आहे हे ओळखले आणि ते महाराष्ट्रापुढे आलेच पाहिजे असा आग्रह धरला. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकातल्या ओळी आज महाराष्ट्राच्या घराघरांत पोचल्या आहेत. २०१८ साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला या निरक्षर स्त्रीचे नाव देण्यात आले. पहिल्या काव्यसंग्रहाच्या पुरस्काराला बहिणाबाईंचेच नाव असणे किती उचित आहे, हे आता निराळे सांगायला नको. त्यांचा पहिला संग्रह निघाला, पण तो पाहायला त्या राहिल्या नव्हत्या. दुसऱ्या कोणा कवीच्या वाट्याला तसे येऊ नये, अशी जणू या नावातच इच्छा साठवलेली आहे.

केशवसुतांना हरिभाऊ भेटले, बहिणाबाईंना अत्रे भेटले. जाणत्या वडीलधाऱ्याने नव्या कवीच्या मागे उभे राहावे, ही मराठी साहित्यातली जुनी आणि सुंदर रीत आहे. कुसुमाग्रज, म्हणजे वि. वा. शिरवाडकर, तिशीत असताना १९४२ साली त्यांचा ‘विशाखा’ हा संग्रह निघाला. त्या काळी कीर्तीच्या शिखरावर असलेले कादंबरीकार वि. स. खांडेकर यांनी त्यासाठी पुढाकार घेतला आणि त्याला प्रस्तावनाही लिहिली. कुसुमाग्रजांना पुढे १९८७ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्यांच्या त्या संग्रहाचे स्मरण म्हणून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातर्फे ‘विशाखा काव्य पुरस्कार’ दिला जातो. आणि तोही नवोदित कवींच्या प्रथम प्रकाशित संग्रहांनाच. ज्याला कोणी हात दिला, त्याच्या नावाने पुढच्या पिढीला हात दिला जावा, ही परंपरा मोठी लोभस आहे.

परंतु प्रत्येक नव्या कवीला अत्रे किंवा खांडेकर भेटतीलच असे नाही. एखादा कवी दूरच्या खेड्यात राहतो, त्याची कोणा थोर लेखकाशी ओळख नसते, वशिला नसतो. योगायोगाने जे काम एखादा मोठा माणूस करतो, तेच काम नियमाने, दरवर्षी आणि ओळखदेख न पाहता व्हावे, यासाठी पुरस्काराची योजना असते. अशा योजनेत साधारणपणे वर्षभरात निघालेली पुस्तके मागवली जातात, त्यांची छाननी होते आणि निवडक पुस्तके जाणकार परीक्षक वाचतात. पुस्तक पाठवायला कोणाची शिफारस लागत नाही. मुंबईच्या प्राध्यापकाचे पुस्तक आणि गडचिरोलीच्या शिक्षकाचे पुस्तक एकाच टेबलावर येते. पुरस्काराची खरी थोरवी या समान वागणुकीत आहे.

पहिल्या संग्रहात परीक्षक काय शोधतात? सफाई शोधू गेले, तर ती सरावलेल्या कवीजवळ अधिक असते. नव्या कवीच्या रचनेत कोठे शब्द अडखळतो, कोठे लय ढळते. पण त्या ओळींमागे त्याचा स्वतःचा आवाज आहे की नाही, हे कसून पाहावे लागते. आवडत्या कवीसारखे लिहिणे ही सुरुवातीला सर्वांचीच रीत असते. दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळूनच मूल गायला शिकते. तथापि ज्या दिवशी ते स्वतःच्या गळ्याने गाऊ लागते, तो दिवस निराळा. पहिल्या संग्रहात त्या दिवसाची खूण सापडली, म्हणजे परीक्षकाला आपल्या श्रमांचे सार्थक झाले असे वाटते.

मराठीतल्या काही पहिल्या संग्रहांनी असा स्वतःचा आवाज फार ठळकपणे ऐकवला. नारायण सुर्वे यांना तान्हेपणी मुंबईच्या एका गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून आणून पोटच्या मुलासारखे वाढवले. त्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला संग्रह १९६२ साली निघाला आणि कामगारांचे जग मराठी कवितेत हक्काने येऊन बसले. पळसखेडचे शेतकरी ना. धों. महानोर यांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह १९६७ सालचा. त्याने शिवाराचा ओला गंध आणला. १९७२ साली नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ने महानगरातल्या अत्यंत उपेक्षित वस्तीचे जळजळीत दुःख तिच्याच भाषेत मांडले. या तिघांच्या भाषा एकमेकींहून किती निराळ्या! नवा कवी येतो तेव्हा एकटा येत नाही. आजवर ज्यांचे कोणी ऐकले नव्हते अशी माणसे आणि त्यांचे शब्द घेऊन तो येतो. म्हणून पहिल्या संग्रहाकडे दुर्लक्ष होणे ही त्या एकट्या कवीचीच हानी नसते. ती साऱ्या भाषेची हानी असते.

पहिल्या संग्रहाला पुढे आणण्याची चाल इतर देशांतही आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने १९१९ सालापासून तरुण कवींच्या पहिल्या संग्रहांची एक माला चालवली आहे. तेथे छापील पुस्तकाची नव्हे, तर हस्तलिखिताची परीक्षा होते, आणि निवडलेले हस्तलिखित छापून प्रसिद्ध करणे हाच पुरस्काराचा गाभा असतो. पुस्तक छापणे हेच नव्या कवीपुढचे पहिले संकट आहे हे ओळखून त्यावरच तेथे उपाय योजला आहे.

या मालेतली एक हकीकत मोठी बोधप्रद आहे. १९५५ साली प्रसिद्ध इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडन हे तिचे परीक्षक होते. प्राथमिक छाननीतून त्यांच्यापर्यंत आलेली हस्तलिखिते त्यांना पसंत पडेनात. जॉन अ‍ॅशबेरी आणि फ्रँक ओ’हारा या दोन तरुणांची हस्तलिखिते छाननीतच बाद होऊन परत गेली आहेत, असे त्यांना कळले. ऑडन यांनी ती मागवून घेतली, वाचली आणि अ‍ॅशबेरी यांची निवड केली. १९५६ साली तो संग्रह निघाला. पुढे अ‍ॅशबेरी यांची गणना अमेरिकेच्या अग्रगण्य कवींत झाली. १९७६ साली त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. आणि ओ’हारा? त्यांना तो पुरस्कार मिळाला नाही, तरीही तेदेखील मोठे कवी म्हणून मान्यता पावले.

या एका हकीकतीतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही की, चाळणी लावणारे हातही माणसांचेच असतात आणि कधी कधी कोंड्याबरोबर दाणाही बाहेर पडतो. म्हणून परीक्षकाने सावध राहावे आणि शंका आली तर पुन्हा वाचावे. दुसरी ही की, पुरस्कार मिळाला नाही म्हणून कवीने खचू नये. पुरस्कार कवितेला घडवीत नाही. घडलेल्या कवितेकडे तो केवळ बोट दाखवतो. ज्या दिशेला बोट दाखवलेले नाही, तिकडेही फुले उमललेली असू शकतात. दर वर्षी अनेक संग्रह निघतात आणि पुरस्कार त्यांतल्या एखाद्यालाच मिळतो. उरलेल्यांपैकी काही काळाच्या ओघात आपल्या बळावर वर येतात.

तेव्हा पुरस्काराचे काम मर्यादित आहे, पण ते मोलाचे आहे. दार ठोठावून तो सांगतो, ‘पाहा, कोणी नवा माणूस आला आहे.’ दार उघडणे मात्र त्याच्या हाती नसते; ते वाचकाच्या हाती असते. शाळेच्या ग्रंथालयातल्या कपाटात नामवंत कवींच्या जाडजूड पुस्तकांशेजारी कधी एखादे पातळसे, अपरिचित नावाचे पुस्तक दिसते. त्याच्या आतल्या पानावर कवीने आईचे, गुरुजींचे किंवा गावाचे ऋण मानलेले असते. ते पुस्तक हाती घेऊन त्यातल्या चार कविता मनापासून वाचायला एक तासही लागत नाही. हरिभाऊ, अत्रे आणि खांडेकर यांनी आपापल्या काळात जे केले, त्याची सुरुवातही अशीच झाली होती. त्यांनी कोणा अनोळखी कवीची पाने उघडली आणि ती लक्ष देऊन वाचली.